लाकडी खेळण्यांची निगा : एका पत्र्याच्या पेटीची हकीकत

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फळ्यावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता येत नाही. आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे "काहीतरी विचारप्रवर्तक लिही" असे कोणी म्हटले की माझी धांदल उडते. मग सरच म्हणाले, "जे हाताने केले आहेस ते लिही." मी हाताने जे केले आहे ते म्हणजे खेळणी पुसणे. विषय किरकोळ वाटेल, पण तो किरकोळ नाही हे मला दोन दट्टे फाटल्यानंतर कळले. तेच येथे सांगते.

माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. गाव पूर्णेच्या काठचे, अकोला जिल्ह्यातले, खारपाणपट्ट्यातले. त्याच अंगणवाडीत मी लहानपणी बसत होते. तेथे भिंतीशी एक हिरवी पत्र्याची पेटी होती आणि तिला कुलूप होते. पेटीत लाकडी खेळणी आहेत हे आम्हां सर्व पोरांना ठाऊक होते. वर्षातून एकदोनदा तपासणीसाठी कोणी पाहुणे आले की खेळणी बाहेर निघत, सतरंजीवर मांडली जात, आम्हांला त्यांच्याभोवती बसविले जाई, आणि पाहुणे गेले की ती पुन्हा आत. मी एकदा मनोऱ्याच्या ठोकळ्याला हात लावला तर आई म्हणाली, "हात नको लावजो बाई, तुटलं त मले भरा लागते." तिचा पगार तेव्हा काय होता ते मला आता माहीत आहे, म्हणून तिचा राग येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरात नग मोजून लिहिलेले असत, आणि त्यातला एक कमी झाला तर जाब मदतनिसाला. मूल खेळले नाही तर मात्र त्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

दुसऱ्या वर्षाला मी गृहअर्थशास्त्र हा विषय घेतला. त्यात बालविकासाचा प्रकल्प करावयाचा होता. मी ग्रंथालयात ताराबाई मोडकांविषयी वाचू लागले, आणि मला नवल वाटले की, ज्या बाईंनी महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घातला त्या लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीतच राहत होत्या. त्यांचे पती येथे वकील होते. पुढे त्या राजकोटला व तेथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला आणि १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गावातल्या मुलांसाठी काम मांडले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे अशा वस्तूंची साधने केली. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पण मुलाच्या अंगणातच शाळा नेण्याची कल्पना त्याआधी बोर्डी-कोसबाडला रुजली होती.

आणि त्या साधनांच्या मागे आहेत मारिया मॉन्टेसरी. त्या डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या साधनांतील एक म्हणजे दट्ट्यांची पेटी. लाकडाच्या लांब ठोकळ्यात दहा खळगे आणि प्रत्येकात बसणारा एक दट्ट्या, जाडीने वा उंचीने उतरत जाणारा. मूल सर्व दट्टे काढते, मिसळते आणि पुन्हा जागच्या जागी बसविते. एखादा चुकीच्या खळग्यात घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि त्याला जागा नसते. बाईंनी "चुकले" म्हणावे लागत नाही, लाकूडच ते सांगते. हे वाचल्यावर मला आमची हिरवी पेटी आठवली, कारण तिच्यात अशीच एक दट्ट्यांची पेटी होती. गावातल्या एका नोकरदाराने आपल्या आईच्या स्मरणार्थ ती भेट दिली होती.

उन्हाळ्याच्या सुटीत मी आईच्या मागे लागले आणि आम्ही कुलूप काढले. करोनाच्या काळात, २०२० साली, अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हापासून पेटीच्या तळाला कोणी हात घातला नव्हता. वर चित्रांचे तक्ते होते. त्यांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. त्याखाली प्लायवूडची कोडी, एक मणीपाटी, मनोऱ्याचे ठोकळे, दट्ट्यांची पेटी, लाखेची रंगीत खेळणी. तळाशी पिठासारखी बारीक भुकटी साचली होती. एका घोड्याच्या पोटाला टाचणीच्या टोकाएवढी भोके होती आणि तो उचलला तर अगदी हलका लागला. आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोनी खेळलं नाही, तरी बी गेलंच."

आता माझी चूक. मला वाटले, स्वच्छता म्हणजे पाणी. आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या गाडगेबाबांनी आधी झाडू हाती घेतला होता, बादली नव्हे, हे मला सुचले नाही. मी हापशाचे पाणी बादलीत भरले, त्यात धुण्याचा सोडा टाकला, सगळी खेळणी त्यात बुडविली, ब्रशने घासली आणि मे महिन्याच्या दुपारी टिनावर वाळत घातली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो हे वाचकांस सांगावयास नको. संध्याकाळी पाहते तो दोन दट्ट्यांना उभ्या चिरा गेलेल्या, कोड्यांच्या प्लायचे पदर सुटलेले, लाखेच्या बाहुल्यांची चमक गेलेली, आणि सगळ्यांवर पांढरट थर.

आईचे वडील, आमचे आबाजी, जातीने नव्हे तर हाताने सुतार, असे ते स्वतःच म्हणतात. तिफणी, वखर, बैलगाडीची चाके यांत त्यांचे आयुष्य गेले. मी पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दट्ट्या हातात फिरविला आणि म्हणाले, "लाकडाले आंघोळ घालतेत का कोनी? आंधी पानी पाजलं, मंग उन्हात टाकलं. थे फाटनारच." पुढचे सर्व मी त्यांच्याकडून आणि काही पुस्तकांतून शिकले. दोन्हीकडचे जेथे जुळले तेवढेच येथे देत आहे.

लाकूड म्हणजे मुळात बारीक नळ्यांची जुडी. झाड उभे असताना त्यांतून पाणी चढते. झाड तोडले, फळी सुकली, खेळणे झाले, तरी लाकडाची हवेतली ओल घेण्याची आणि सोडण्याची सवय जात नाही. ओल घेतली की ते फुगते, सोडली की आकसते. पण सगळ्या बाजूंनी सारखे नाही. रेषेच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, तो पडतो रेषेला आडवा. त्यातही झाडाच्या वलयांच्या कडेने जेवढा पडतो तो गाभ्यापासून सालीकडे पडणाऱ्या फरकाच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून गोल दट्ट्या नुसता जाड होत नाही, किंचित लंबगोल होतो. चार सेंटीमीटर जाडीचा दट्ट्या शेकडा एक फुगला तरी ०.४ मिलीमीटर वाढला, आणि सुतार खळग्यात फट ठेवतो ती जेमतेम तेवढीच. बाहेरचा भाग उन्हाने झपाट्याने सुकला आणि आतला ओलाच राहिला, की बाहेरचा आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही, आणि चीर जाते. माझ्या दट्ट्यांचे तेच झाले होते.

पांढरा थर होता आमच्या पाण्याचा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहिरी-हापशांचे पाणी खारे. ते लाकडावर सुकले की क्षार मागे राहतात, आणि असा क्षार पावसाळ्यात हवेतली ओल ओढून धरतो. म्हणजे खाऱ्या पाण्याने धुतलेले खेळणे पुढे कायमच थोडे ओलसर. आपल्या भागातल्या कोणत्याही अंगणवाडीने ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. खेळण्यांसाठी पिण्याचे गोडे पाणी वाटीभर घ्यावे, किंवा पावसाचे साठवावे. लागतेही वाटीभरच.

पद्धत साधी आहे. प्रथम कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसावी. खाचांतली धूळ जुन्या दातांच्या ब्रशने काढावी. बहुतेक दिवशी एवढेच पुरते. चिकट डाग असतील, आणि मुलांचे हात म्हटले म्हणजे ते असणारच, तर कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी घालून त्यात फडके भिजवावे, घट्ट पिळावे, इतके की थेंब गळता कामा नये, आणि रेषेच्या दिशेने पुसावे. मागोमाग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, आणि लगेच कोरड्याने. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, खेळणे आडवे न ठेवता कडेवर उभे करावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात. एखादे मूल आजारी असताना ते खेळणे तोंडात घातले गेले असेल तर असेच साबणाने पुसून पूर्ण सुकू द्यावे आणि दोनतीन दिवस बाजूला ठेवावे. ब्लीचिंग पावडर लाकडाला वापरू नये. तिने रेषा उठतात, लाकूड खरखरीत होते आणि पुढे मळ अधिकच धरते.

लाखेच्या खेळण्यांची गोष्ट निराळी, आणि ती मला फार आवडली. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या डहाळ्यांवर एक बारीक किडा आपल्या अंगातून जो राळेसारखा पदार्थ काढतो ती लाख. कर्नाटकात चन्नपट्टणला आणि आपल्या कोकणात सावंतवाडीला लाकडी खेळणी होतात. चन्नपट्टणला खेळणे चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. त्यात घातक रंग नसला तर मुलाने तोंडात घातले तरी भीती नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. करोनाच्या दिवसांत सॅनिटायझर फवारून पुसलेल्या खेळण्यांचा रंग फडक्यावर उतरला, त्याचे कारण हे. सोड्याच्या पाण्यातही ती सुटते, गरम पाण्याने पांढरी पडते. माझ्या बादलीत सोडा होता. तेव्हा अशा खेळण्यांना पिळलेले फडके आणि कोरडे फडके, याहून अधिक काही नको.

ज्या खेळण्यांवर रंग वा लाख नाही त्यांना तेल हवे. येथेही घरोघर एक चूक होते, आमच्या घरीही होत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, लहान मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. नागपूरकडे त्याचा थाट मोठा, पण आमच्याकडेही घरोघर एखादा चाकाचा बैल माळ्यावर असतो. आमच्या घरचा बैल आबाजींनी सागाच्या तुकड्यातून केलेला आहे. दरवर्षी पोळ्याला आम्ही त्याला स्वयंपाकातले सोयाबीनचे तेल चोळत असू, आणि दरवर्षी तो आदल्या वर्षीपेक्षा चिकट आणि काळा निघे. भुईमुगाचे किंवा तिळाचे तेल लावले तरी तेच. ही तेले लाकडावर नीट सुकून कडक होत नाहीत, खवट होतात आणि धूळ धरतात. जवसाचे तेल मात्र हवा लागली की हळूहळू घट्ट होऊन पापुद्रा धरते. आपल्या वऱ्हाडात जवस परका नाही, चटणी घरोघरी होते. घाणीचे खाण्याचे तेल आणावे, फडक्याने अगदी पातळ लावावे, पंधरावीस मिनिटांनी जास्तीचे पुसून काढावे आणि काही दिवस वाऱ्यावर ठेवावे. वास जाईपर्यंत मुलाच्या हाती देऊ नये. रंगाच्या दुकानात उकळलेले जवस तेल म्हणून जे मिळते त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते खेळण्यांना नको.

एक धोका मुद्दाम सांगते. जवस तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता निघते, ती गोळ्यात कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात तर अधिकच. फडके दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

जुन्या रंगांविषयीही सावध असावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. खेळण्यांना मानक चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे. त्याआधीच्या खेळण्यांवर कोणता तैलरंग आहे हे पाहून कळत नाही. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून अशा खेळण्याचा रंग पोपडून निघत असेल तर ते कोरडे घासून भुकटी उडवू नये. ते मुलांच्या हातातून सरळ काढून घ्यावे.

घुणाचे काय? भुकटी ताजी, फिकट आणि रोज नव्याने पडत असेल तर किडा आत जिवंत आहे. घुणाला आंबा, पांगारा अशा मऊ लाकडाचा आणि कोणत्याही झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाचा सोस. सागाच्या गाभ्याच्या वाटेस तो सहसा जात नाही. परतवाड्याहून आणलेल्या मेळघाटी सागाची तिफण दोन पिढ्या चालते ती उगीच नाही. कडुनिंबाचा पाला नव्या किड्यांना दूर ठेवायला बरा, पण लाकडाच्या आत बसलेल्याला तो मारत नाही. डांबराच्या गोळ्या मुलांच्या वस्तूंत नकोत, त्या विषारी. लहान खेळणे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवले तर किडे मरतात. आमच्या गावात कुल्फीवाल्याने आईस्क्रीमच्या पेटीत आम्हांला जागा दिली, हे त्याचे उपकारच. घोडा मात्र वाचला नाही.

बाकीच्या साधनांविषयी थोडक्यात. खरखरीत अक्षरे धुवू नयेत, कोरड्या ब्रशने झाडावीत. मणीपाटीची तार गंजली तर घासून तिच्यावर मेणबत्ती फिरवावी. तक्ते उभे ठेवावेत, भिंतीला चिकटवून नव्हे. पावसाळ्यात आपली भिंत घाम गाळते.

आता दट्ट्यांकडे परत येते, कारण मला सर्वांत अधिक वाईट तेथेच वाटले. पेटी पुसून, सुकवून आम्ही मुलांना दिली. जूनपर्यंत सर्व छान चालले. श्रावणात मी सुटीला घरी गेले तेव्हा चार वर्षांची एक मुलगी पेटीपुढे बसली होती. तिने पाचवा दट्ट्या त्याच्या बरोबर खळग्यावर ठेवला. तो आत गेला नाही. तिने तो उचलला, दुसऱ्या खळग्यावर ठेवला, तेथे तो सैल पडला. पुन्हा पहिल्यावर आणला, दाबला, आणि मग पेटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मले येत नाई." तिला येत होते. लाकूड फुगले होते आणि तिला खोटे सांगत होते. जे साधन बाईंच्या शब्दाशिवाय मुलाला खरे-खोटे सांगते म्हणून मोठे, ते बिघडले की त्याचा खोटेपणाही मूल तसाच निमूटपणे मानते.

मी लगेच पॉलिश पेपर काढला. आबाजींनी हात धरला. पावसाळ्यात घासून बसविलेला दट्ट्या मे महिन्यात खुळखुळतो, आणि मग शेजारचाही त्या खळग्यात बसू लागतो. त्यांनी दट्टे आणि ठोकळा दोन्ही चुलीच्या खोलीत, चुलीपासून दूर, चार दिवस ठेवायला लावले. नंतर जे अडकत होते त्यांच्या कडेला साधे मेण कोरड्या फडक्याने चोळले. एवढ्याने आठ सुटले. उरलेले दोन सुकल्यावरही घट्ट होते, ते त्यांनी बारीक पॉलिश पेपरने, प्रत्येक वेळी बसवून पाहत, अगदी थोडे घासले. चिरा गेलेले दोन्ही दट्टे त्यांनी फेव्हिकॉल भरून सुतळीने आवळून सांधले. सांधा दिसतो. मुले त्या दोघांना "लागलेले" म्हणतात आणि जरा हळू उचलतात.

पेटीला आता कुलूप नाही. खेळणी उघड्या फळीवर आहेत, भिंतीपासून वीतभर दूर. शनिवारी मुलेच ती पुसतात. आईने जुन्या लुगड्याचे चौकोन करून प्रत्येकाला एक दिला आहे. मॉन्टेसरीबाईंच्या बालगृहातही धूळ पुसणे हा मुलांच्या कामाचा भाग होता असे मी वाचले होते, पण आईला ते सांगायची गरज पडली नाही. तिची हरकत एवढीच होती की काही हरवले तर? आणि हरवलेही. मनोऱ्याच्या दहा ठोकळ्यांतला सर्वांत लहान, एक सेंटीमीटरचा, महिन्याभरात नाहीसा झाला. आईला दोन दिवस झोप नाही. आबाजींनी सागाच्या चिपेतून तसाच एक घासून दिला. गुलाबी रंग नव्हता म्हणून तो तसाच तपकिरी, जवस तेलाचा. मनोऱ्याच्या टोकावर तो दिसतो चांगला. परवा मूळचा गुलाबी ठोकळा सतरंजीच्या घडीत सापडला. आता मनोऱ्याचे नग अकरा झाले आहेत, आणि अकरावा रजिस्टरात कोणत्या रकान्यात लिहायचा हे आई मला दर फोनवर विचारते.